चर्चची काच बघायची तर घड्याळ बघून जा

मी धार्मिक वगैरे अजिबात नाही, पण नवीन शहरात गेलो की आधी तिथलं जुनं कॅथलिक चर्च कुठे आहे ते शोधतो आणि लगेच दुसरी गोष्ट शोधतो ती म्हणजे त्या चर्चची पूर्व कुठली. हे वाचायला येडेपणा वाटेल पण स्टेन्ड ग्लास, म्हणजे रंगीत काचेच्या खिडक्या, बघायला जाताना यापेक्षा कामाची माहिती नाही. उघडायची-बंद व्हायची वेळ सगळे सांगतात, कुठली खिडकी किती वाजता बघायची हे कोणी सांगत नाही.

जुनी चर्चेस बहुतेक पूर्व-पश्चिम बांधलेली असतात. वेदी पूर्वेला, मोठा दरवाजा पश्चिमेला. म्हणजे सकाळी लवकर गेलात तर वेदीमागच्या खिडक्या पेटलेल्या दिसतात, दुपारी दक्षिणेकडच्या, आणि दरवाज्यावरची ती मोठी गोल खिडकी, जिला रोझ विंडो म्हणतात, ती खरी दिसते दुपार कलल्यावर. सकाळी दहाला टूर ग्रुपबरोबर घुसून पश्चिमेची रोझ विंडो बघणारे आणि "फोटोत फार भारी दिसत होती हो" म्हणत बाहेर पडणारे लोक मी खूप पाहिलेत, त्यांची काही चूक नाही, वेळ चुकीची असते.

आता उत्तरेची गंमत वेगळी आहे. युरोपात उत्तरेच्या खिडक्यांवर थेट ऊन जवळजवळ पडतच नाही, म्हणून तिकडे निळ्याचं राज्य असतं, कारण कमी उजेडात निळा रंग टिकतो आणि लाल मरतो. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये उत्तरेच्या रोझ विंडोत मध्यभागी मारिया आणि बाळ येशू, भोवती बायबलच्या जुन्या करारातले राजे आणि संदेष्टे, आणि समोर दक्षिणेला उन्हाच्या बाजूला वैभवात बसलेला ख्रिस्त. म्हणजे सावलीच्या बाजूला वाट बघणारे, उजेडाच्या बाजूला ज्याची वाट बघितली तो. दक्षिणेच्या गोल खिडकीखाली उंच उभ्या खिडक्या आहेत त्यांच्यात तर चार शुभवर्तमानकार (नव्या करारात येशूचं चरित्र लिहिणारे) चक्क चार संदेष्ट्यांच्या खांद्यावर बसलेत, लहान पोरांना घ्यावं तशी खांद्यावर घेतलेली मोठी माणसं. नवा करार जुन्याच्या खांद्यावर उभा आहे हे सांगायची पद्धत. मला ते बघून पहिल्यांदा हसू आलं होतं आणि अजूनही येतं.

आणि हो, ढगाळ दिवस असला तर वाईट वाटून घेऊ नका. कडक ऊन पडलं की उन्हाच्या बाजूच्या खिडक्या इतक्या भडकतात की समोरच्या बाजूच्या फिक्या दिसायला लागतात. पातळ ढग असतील तर चारही बाजूंनी सारखा उजेड येतो आणि सगळ्या खिडक्या एका दमात वाचता येतात. जमिनीवर आणि खांबांवर पडलेले रंगीत कवडसे हवे असतील तर मात्र ऊनच पाहिजे, त्याला इलाज नाही.

आत जायच्या आधी बाहेरून एक चक्कर मारा. लोक हे करत नाहीत. बाहेरून काच काळी दिसते, नुसती शिशाची आणि लोखंडाची रेघोट्यांची जाळी, त्यामुळे बघण्यासारखं काही नाही असं वाटतं, पण बाहेर जे दिसतं त्याच्याशिवाय आतलं शक्यच नव्हतं. आधीच्या रोमनेस्क शैलीच्या चर्चेसमध्ये दगडी छताचा सगळा भार भिंतीवर यायचा, भिंत जाड ठेवावी लागायची, भोक मोठं पाडलं की भिंत कोसळायची भीती, म्हणून खिडक्या बारक्या. नंतर आलेल्या गॉथिक शैलीवाल्यांनी काय केलं तर टोकदार कमान वापरली, छताला दगडी बरगड्या दिल्या आणि तो भार मोजक्या खांबांवर आणून सोडला, आणि खांब बाहेरच्या बाजूला फाकू नयेत म्हणून बाहेरून तिरक्या दगडी कमानींचा रेटा दिला, तेच ते फ्लाइंग बट्रेस. भिंतीला काही कामच उरलं नाही. काम नाही तर काढून टाका, काच लावा. वहीत ठेवलेल्या पिंपळाच्या पानाची जाळी होते ना, शिरा राहतात आणि मधला भाग जातो, तशी ती इमारत झाली.

याची सुरुवात पॅरिसच्या जवळ सँ-दनीला झाली असं मानतात. तिथला मठाधिपती सुजेर, त्याने चर्चचा वेदीमागचा भाग नव्याने बांधून घेतला आणि 1144 मध्ये त्याचं समर्पण झालं. प्रकाशातून माणसाचं मन देवाकडे जातं अशी त्याची श्रद्धा होती, आणि पैसाही होता, कारण फ्रान्सच्या राजांना पुरायची जागा तीच. एका खिडकीत मारियाच्या पायाशी लोटांगण घातलेला एक साधू आहे तो सुजेर स्वतःच. नम्रपणा दाखवायचा पण नाव राहिलं पाहिजे हे त्याला बरोबर जमलं होतं. शार्त्रसाठी लोक तासभर ट्रेनने जातात आणि मेट्रो जाते त्या सँ-दनीला जात नाहीत हे मला कधी कळलेलं नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात तिथल्या काचेची बरीच नासधूस झाली हे खरं आहे, पण वेदीमागच्या त्या अर्धगोलात उभं राहिलं की पुढच्या शंभर वर्षांत काय होणार आहे ते सगळं दिसतं.

पुढे मग उंचीची चढाओढ लागली. बोव्हे नावाच्या गावात छत जवळजवळ 48 मीटरवर नेलं, 1284 मध्ये त्यातला काही भाग कोसळला. पुन्हा उभारलं. मग 16व्या शतकात मनोरा चढवला 153 मीटरचा, तो 1573 मध्ये पडला. मधला लांब सभागृहाचा भाग कधी बांधलाच गेला नाही, म्हणून ते चर्च आजही अर्धवट आहे, नुसतं पूर्वेकडचं डोकं आणि आडवे हात. आतमध्ये लाकडाचे आणि लोखंडाचे आधार लावलेत. मला परफेक्ट कॅथेड्रलपेक्षा हे जास्त आवडतं, कुठपर्यंत ताणता येतं ते इथे कळलं.

सँत-शापेलमध्ये उलटा प्रकार. फ्रान्सचा राजा नववा लुई याने येशूचा काटेरी मुकुट ठेवायला पॅरिसला आपल्या राजवाड्यातच हे चॅपल, म्हणजे छोटं चर्च, बांधलं, 1248 ला तयार. वरच्या मजल्यावर गेलं की भिंत दिसतच नाही, 15 मीटर उंचीच्या आसपासच्या खिडक्या, एकूण 15, त्यात 1,113 प्रसंग. बाहेर तिरक्या कमानीही नाहीत, मग हे उभं कसं आहे? बाहेरच्या बाजूला सरळ जाड बट्रेस, म्हणजे भिंतीला टेकलेले आधार, आहेतच, पण त्याशिवाय दगडात आणि खिडक्यांच्या सळयांत लपवलेले लोखंडी पट्टे इमारतीला कंबरपट्ट्यासारखे फिरवलेत. म्हणजे ज्या आडव्या लोखंडी दांड्या आपल्याला काच धरायला आहेत असं वाटतं त्यातल्या काही इमारत धरून आहेत. हे कळल्यापासून मी कुठेही गेलो की काचेआधी सळया बघतो.

बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलिया चर्चमध्ये आर्किटेक्ट गाउडीने तर फ्लाइंग बट्रेसना कुबड्या म्हणून हिणवलं आणि खांबच तिरके केले, वर फांद्यांसारखे फुटणारे, म्हणजे भार सरळ खांबातूनच खाली जातो. बांधकाम सुरू 1882 ला, तो 1926 मध्ये ट्रामखाली सापडून गेला, काम अजून चालू. तिथली काच जुआन व्हिला-ग्राउ या कलाकाराची, पूर्वेला निळे-हिरवे आणि पश्चिमेला केशरी-लाल. सकाळी गार आणि संध्याकाळी भट्टी. काही लोकांना हे जरा जास्तच सरळ वाटतं, इन्स्टाग्रामसाठी केल्यासारखं, मलाही थोडं वाटलं होतं, पण खालच्या खिडक्या गडद आणि वर जाल तशी काच फिकी होत जाते आणि त्यामुळे छतापर्यंत साधा उजेड पोचतो, हे लक्षात आलं की मत बदलतं. तिथे पश्चिमेच्या खिडक्यांसाठी शेवटचा स्लॉट घ्या, गर्दी असली तरी घ्या.

आता काच बनते कशी. वाळू आणि बीच झाडाची राख वितळवायची, राखेमुळे वाळू कमी उष्णतेत वितळते. निळ्यासाठी कोबाल्ट, लालसाठी तांबं, जांभळ्यासाठी मँगनीज. लाल रंगात अडचण अशी की पूर्ण जाडीची लाल काच केली तर ती काळीच दिसते, म्हणून साध्या काचेवर लालचा पातळ थर चढवायचे. मग पांढऱ्या रंगवलेल्या लाकडी टेबलावर पूर्ण आकाराचं चित्र काढायचं, त्यावर काच ठेवून गरम लोखंडाने तडा द्यायचा, कडा कुरतडून आकारात आणायच्या. चेहरे, बोटं, कपड्यांच्या चुण्या हे सगळं एका गडद रंगाने काचेवर काढून भट्टीत भाजायचं, तेव्हा तो रंग काचेला चिकटतो. शेवटी शिशाच्या खाचेच्या पट्ट्यांत तुकडे बसवून सांधे डाक लावून जोडायचे. म्हणजे निळा झगा हा रंगवलेला नाही, ती काचच निळी आहे, रंगवलाय तो फक्त काळोख. हे एकदा डोक्यात बसलं की जुनी खिडकी आणि नंतरची खिडकी यातला फरक लांबून कळायला लागतो. 14व्या शतकाच्या सुरुवातीला चांदीचा क्षार काचेच्या मागच्या बाजूला लावून पिवळा रंग आणायची युक्ती आली, मग एकाच तुकड्यावर पांढरा चेहरा आणि सोनेरी केस जमायला लागले, शिसं कमी झालं, आणि हळूहळू खिडक्या पेंटिंगसारख्या दिसायला लागल्या. बऱ्याच लोकांना ते जास्त आवडतं. मला नाही आवडत, चित्रच बघायचं तर कॅनव्हास आहे की.

जाता जाता, "काच हा द्रव आहे, शेकडो वर्षांत खाली ओघळते म्हणून जुन्या काचा खाली जाड असतात" हे गाइड लोक अजून सांगतात. असं काही नाही. तोंडाने फुंकून केलेली काच मुळातच कमी-जास्त जाडीची असायची, ज्याने बसवली त्याने जशी हाताला आली तशी बसवली. उलट ती जाडी, ते बुडबुडे आणि त्या लाटा यामुळेच जुनी काच उजेड तोडून टाकते आणि जिवंत वाटते. कारखान्यातली सपाट काच तसं करत नाही.

खिडकी वाचायची कशी हा प्रश्न सगळ्यांना पडतो. बहुतेक वेळा खालून वर वाचायची. शार्त्रला येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीची एक खिडकी आहे, अगदी तळाशी मोची कामाला बसलेत, चामडं कापतायत, चप्पल शिवतायत, त्यांच्या नावाने ही खिडकी दिली गेली असं समजतात (खरंच त्यांनीच पैसे दिले का यावर अभ्यासकांची भांडणं आहेत). मग वर लुटला गेलेला वाटसरू, त्याला टाळून जाणारे, मग शोमरोनी त्याला उचलतो, आणि एवढ्यावर गोष्ट संपली पाहिजे तर त्याच्या वर अचानक आदाम आणि एवा सुरू होतात. का? तर त्या काळच्या समजुतीनुसार तो लुटलेला वाटसरू म्हणजेच आदाम, म्हणजे आपण सगळे, आणि उचलणारा ख्रिस्त. नुसत्या काचेत एवढं प्रवचन. सगळं ओळखू येत नाही, आणि यायला पाहिजे असंही नाही, पण थोड्या खुणा पाठ केल्या की मजा वाढते: किल्ल्या असतील तर पीटर, तलवार असेल तर बहुधा पॉल, खिळ्यांचं चाक म्हणजे कॅथरिन, लोखंडी जाळी हातात घेतलेला लॉरेन्स कारण त्याला तिच्यावरच भाजलं, ताटात डोळे घेऊन उभी ती लुसी. आणि पोटातून झाड उगवलेला झोपलेला म्हातारा दिसला तर तो इशाय, दाविदाचा बाप, झाडाच्या फांद्यांवर येशूची वंशावळ.

"ओरिजिनल आहे का?" हा दुसरा आवडता प्रश्न. याला हो किंवा नाही असं उत्तर नसतं. जर्मनीत ऑग्सबर्गच्या कॅथेड्रलमध्ये पाच संदेष्ट्यांच्या खिडक्या आहेत, जागेवर टिकलेल्या मानवी आकृतींच्या सगळ्यात जुन्या खिडक्यांत त्या मोजल्या जातात, पण त्यातलासुद्धा मोशे नंतर बदललेला आहे. शार्त्र 1194 मध्ये जळलं, पण निळ्या वस्त्रातली मारिया आणि मांडीवरचं बाळ ही आगीच्या आधीची, साधारण 1180 ची काच वाचली, आणि तिच्या भोवतीचे देवदूत 13व्या शतकात जोडले. सँत-शापेलमध्ये क्रांतीनंतर सरकारी कागदपत्रं ठेवायची म्हणून खिडक्यांचा खालचा दोन मीटरचा भाग काढला आणि कपाटं लावली! मग 19व्या शतकात पुन्हा खिडक्या पूर्ण केल्या. शिसंसुद्धा कायमचं नसतं, काही पिढ्यांनी पट्ट्या बदलाव्याच लागतात. दोन्ही महायुद्धांत शार्त्रची काच उतरवून पेट्यांत भरून लांब नेली होती, ती परत बसवणाऱ्या हातांचं कामही त्या खिडकीत आहेच की.

साफसफाईवरून होणारी भांडणं तर विचारू नका. शार्त्रच्या आतल्या काजळलेल्या भिंती या शतकात फिक्या क्रीम रंगाच्या केल्या, तिथली मारियाची काळी मूर्ती गोरी झाली, आणि लोक भयंकर चिडले, की अंधारातच ती काच चमकायची आणि तुम्ही अंधार पुसलात. करणारे म्हणाले की 13व्या शतकात अशाच फिक्या भिंती होत्या. दोन्ही बाजू मला पटतात, पण निवडायचंच झालं तर मी अंधारवाल्यांबरोबर आहे, काळोख कोणी डिझाइन केला नव्हता तरी शेकडो वर्षं लोकांनी तीच काच त्या काळोखात पाहिली होती.

पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलचं भांडण ताजं आहे. 2019 च्या आगीत छप्पर आणि मनोरा गेला, तिन्ही रोझ विंडो मात्र वाचल्या. डिसेंबर 2024 मध्ये चर्च पुन्हा उघडलं आणि त्याच सुमारास ठरलं की दक्षिणेकडच्या सहा चॅपलमधल्या 19व्या शतकातल्या खिडक्या काढून तिथे क्लेअर ताबुरे या चित्रकर्तीच्या नव्या बसवायच्या. जुन्या खिडक्या आगीत फुटल्या असत्या तर प्रश्न नव्हता, पण त्या धडधाकट आहेत. नवीन काचेला माझा विरोध नाही, धडधाकट काढून लावायला आहे.

कारण नवीन काच कसली भारी असू शकते ते जर्मनीत कलोनला बघा. दुसऱ्या महायुद्धात कॅथेड्रलच्या दक्षिण बाजूची मोठी खिडकी गेली, साधी काच लावलेली होती, 2007 मध्ये चित्रकार गेर्हार्ड रिश्टरने तिथे 72 रंगांचे 11 हजारांहून जास्त चौकोन बसवले. ना संत ना गोष्ट. रंगांची जागा बऱ्यापैकी कम्प्युटरने नशिबावर सोडून ठरवलेली. तिथल्या कार्डिनलना, म्हणजे वरिष्ठ धर्मगुरूंना, ती आवडली नाही, मशिदीत जास्त शोभेल असं ते म्हणाले होते. पण ते रंग त्याने जुन्या खिडक्यांच्या रंगांवरून घेतलेत, आणि दुपारी ऊन आलं की ती अख्खी खिडकी थरथरते.

याच्याही पुढे जायचं तर फ्रान्समधलं काँक. जुनं रोमनेस्क मठाचं चर्च, आणि आयुष्यभर काळा रंग वापरलेल्या चित्रकार पिएर सुलाजने 1994 पर्यंत तिथले 104 खिडक्या-झरोके काचेने भरले, रंग शून्य. दुधी पांढरी काच आणि शिशाच्या तिरक्या रेघा, बस. पण काचेचा दाणा कुठे बारीक कुठे जाड आहे त्यामुळे सकाळी निळसर आणि संध्याकाळी नारिंगी उजेड येतो. पहिली दहा मिनिटं काहीच घडत नाही, तेवढी थांबायची तयारी ठेवा. फ्रान्समध्येच व्हाँसला चित्रकार मातिसचं छोटं चॅपल आहे, 1951 चं, फक्त निळा, हिरवा आणि पिवळा आणि समोर पांढऱ्या टाइल्स. आणि रोंशाँच्या चॅपलमध्ये आर्किटेक्ट ल कोर्बुझिएने 1955 मध्ये जाडजूड भिंतीत वेड्यावाकड्या खिडक्या पाडल्या आणि छत भिंतीपासून थोडं वर उचलून मध्ये उजेडाची फट ठेवली. शेकडो वर्षं भिंत काढायची धडपड झाली आणि हा माणूस जाड भिंत परत घेऊन आला, तेही मस्त.

थोडं व्यवहाराचं. दुर्बीण न्या, साधी छोटी चालेल, 20 मीटर वरचा चेहरा नुसत्या डोळ्याने दिसत नाही. मोबाइलवर फोटो काढताना काचेच्या उजळ भागावर टॅप करून उजेड कमी करा, नाहीतर पांढरा धूर येतो. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चालू असेल तर फिरू नका, मागच्या बाकावर गप्प बसा, तोच सगळ्यात चांगला वेळ असतो कारण तेव्हा सेल्फीवाले नसतात. खांदे झाकलेले असू द्या. वेदीजवळ लाल दिवा तेवत असेल तिथे लोक प्रार्थनेला थांबतात, त्यांच्या मध्ये कॅमेरा घेऊन जाऊ नका. बाकावर आडवं पडून छत बघायचा मोह होतो, आवरा.

आणि पॅरिसला जाऊन दोन्ही बघणार असाल तर आधी शार्त्र करा आणि मग सँत-शापेल. उलटं केलं तर सँत-शापेलचा पहिला झटका एवढा असतो की शार्त्र अंधारं आणि पसरट वाटतं, आणि तिथे खऱ्या अर्थाने डोळे स्थिरावायला अर्धा तास तरी द्यावा लागतो. सँत-शापेलला तशी फुरसत मिळत नाही, मागून रांग येतच असते.